शेवंताक्कांची जट आमच्या खुंटीवर

"तुम्ही देव मानत नाही, नका मानू. पण लोक मानतात, त्यात तुमचं काय जातं?" हा प्रश्न मी अक्षरं जोडून वाचायला शिकत होते त्याच सुमाराला वाचला. बाबांच्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकात तो सातवा होता. 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' असं त्या पत्रकाचं नाव होतं. पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं दर आवृत्तीला जशीच्या तशी छापली जायची. सातव्याचं उत्तर मात्र बाबा दर वेळी खोडून नव्यानं लिहायचे. कधी त्यात समाज यायचा, कधी विज्ञान, कधी संविधान. छापून आलं की दोन दिवस खूश असायचे, तिसऱ्या दिवशी तांबड्या पेनानं खाली रेघ ओढायचे. "जमलं नाही गं मुक्ता," म्हणायचे. मी चौदा वर्षांची होईपर्यंत ते त्यांना जमलं नव्हतं. ते कसं जमलं, ते मला इथं लिहून ठेवायचं आहे. आई म्हणते, स्वतःची गोष्ट लिहायला आधी दात पडावे लागतात, तुझी तर अजून अक्कलदाढ यायची आहे. असेल. पण काही गोष्टींना वय होईपर्यंत थांबवलं, तर त्या आपोआप गुळगुळीत होतात. मला ही गोष्ट तिच्या कंगोऱ्यांसकट हवी आहे.

इस्लामपुरात आमचं घर गल्लीच्या टोकाला होतं. गळिताचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या भोंग्यावर आमचं घड्याळ चालायचं आणि मळीचा वास उशीपर्यंत यायचा. बाबा त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. दिवसभर रसाचे नमुने तपासायचे आणि घरी येऊन माणसांचे. पुढच्या खोलीत आईचं शिवणयंत्र, त्याच्या शेजारी कॉट, आणि कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे. दुसऱ्यांच्या घरी कॉटखाली कांदे पसरलेले असायचे, आमच्याकडे विचार. ओल धरू नये म्हणून आई ते पावसाळ्यात उलथेपालथे करायची, कांदे करतात तसेच. पत्रकांच्या घड्या घालणं हे माझं काम. कागद तीन ठिकाणी मोडायचा आणि वाटीच्या बुडानं कड दाबायची. यंत्राची खडखड आणि वाटीची घसघस, या दोन आवाजांत मी वाढले. छपाईत चुकलेल्या पत्रकांवर आम्ही पोहे खायचो. शेंगदाण्याच्या कुटाचा रस्सा, म्हणजे म्हाद्या, आणि गरम भाकरी खाताना खाली 'भानामती : समज व वास्तव' असायचं. शिराळ्याच्या नागपंचमीच्या आधी बाबा सापांची पत्रकं घेऊन सायकलवरून गावोगाव जायचे, आणि येताना कुणीतरी दिलेली काकडी नाहीतर कुणीतरी दिलेली शिवी घेऊन यायचे. दोन्ही ते सारख्याच आनंदानं सांगायचे. अशा घरात वाढलेली मुलगी चौदाव्या वर्षी कशी असेल? मला सगळं कळतं, अशी माझी पक्की खात्री होती.

शेवंताक्का आमच्या समोर राहायच्या. त्यांचे मालक सैन्यातून निवृत्त होऊन आलेले. त्यांना अख्खी गल्ली 'फौजी' म्हणायची. अक्कांच्या डोक्याला जट होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. केस एकमेकांत गुंतून, त्यात तेल, धूळ आणि भंडाऱ्याची हळद बसून दोरखंडासारखी घट्ट झालेली वस्तू. अक्कांची तर कमरेखाली पोचली होती. वाळलेली असताना ती पाठीवर आपटली की लाकडासारखा आवाज यायचा. डोक्यावरून न्हाल्या की तीन दिवस ती ओली राहायची आणि त्या तीन दिवसांत अक्का कुणाच्या जवळ बसायच्या नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र बायका येऊन त्या जटेला हळदकुंकू वाहायच्या आणि अक्कांच्या पाया पडायच्या. इतर दिवशी दारात उभं न करणाऱ्या बायकासुद्धा.

जट आली त्याची गोष्ट अख्ख्या गल्लीला पाठ होती. अक्कांचं दुसरं मूल सहा महिन्यांचं होऊन गेलं. मग त्या स्वतः विषमज्वरानं दोन महिने अंथरुणाला खिळल्या. केसाला कोण फणी लावणार? उठल्या तेव्हा मागचे केस गुंतलेले. दारावर आलेल्या एका जोगतिणीनं सांगितलं, देवी आली आहे, हिला लोखंड लावशील तर उरलेलं लेकरूही जाईल. उरलेलं लेकरू म्हणजे कविता, तेव्हा चार वर्षांची. सोळा वर्षं अक्कांनी त्या केसांना हात लावला नाही. कविता वाढली, शिकली, लग्न होऊन कोरेगावला गेली. ती जगली ती जटेमुळं, असं अक्कांनी धरलं होतं. हे मला आज समजतं. तेव्हा मला फक्त पत्रक समजत होतं.

तर अशाच एका मंगळवारी मी पत्रक घेऊन अक्कांच्या ओसरीवर गेले. पाच-सहा बायका बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि 'जट : रोग नव्हे, कोप नव्हे' हे पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत खड्या आवाजात वाचलं. वक्तृत्व स्पर्धेत वाचतात तसं, हात हलवून. बायका एकमेकींकडे बघत होत्या. अक्का शांतपणे सुपारी कातरत ऐकत राहिल्या.

"झालं वाचून?" त्यांनी विचारलं. "बेस वाचतीस. आता मला सांग मुक्ते, जट माझ्या डोक्याला हाय. वझं माझ्या मानंला हाय. तुमचं काय जातंय गं त्यात?"

मी डोक्यातल्या डोक्यात सातवा प्रश्न उघडला. "अंधश्रद्धेने समाजाचे नुकसान होते," मी म्हटलं.

"समाज म्हंजी कोन? आपल्या गल्लीत ऱ्हातोय व्हय त्यो?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. मी कान तापवून घरी आले. त्या दिवसापासून अक्कांनी आमच्याकडं यायचं बंद केलं.

आईला हे ब्लाउजाच्या कापडावरून कळलं. अक्कांनी शिवायला टाकलेलं कापड परत मागवलं होतं. आईनं यंत्र थांबवलं, मला समोर बसवलं आणि कपाटातून मापांची वही काढली. माझी आई कधी सभेत बोलली नाही, कधी पत्रकाला तिनं एक ओळ दिली नाही. देव मानत नाही असंही तिनं कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. तिनं वहीत अक्कांचं पान उघडलं. दर वर्षीचं माप होतं. डावा खांदा, उजवा खांदा.

"हे बघ. मी पहिल्यांदा माप घेतलं तेव्हा दोन्ही खांदे सारखे होते. चार वर्षांपूर्वी उजवा अर्धा इंच खाली. औंदा सव्वा इंच. जट उजवीकडं पडते ना, मान तिकडं ओढली जाते. त्यांना वाटतं, मी ब्लाउज नीट शिवत नाही म्हणून एका बाजूनं घसरतो. मी दर वर्षी एक खांदा लहान कापते आणि बोलत नाही." तिनं वही मिटली. "तू समाजाचं नुकसान सांगून आलीस. बाईचा खांदा बघितलास का?"

मी नव्हता बघितला.

त्यानंतर आई रोज दुपारी समोर जाऊन बसायला लागली. जटेचं नाव नाही. कधी काज-बटणाचं काम घेऊन जायची, कधी निवडायला तांदूळ. पहिले काही दिवस अक्का उठून आत जायच्या. मग जायच्या थांबल्या. मला वाटायचं, ही वेळ वाया चालली आहे. मी बाबांकडं तक्रार केली. बाबा म्हणाले, "मी तुझ्या आईला चळवळीत आणायचा फार प्रयत्न केला. मला अलीकडं संशय येतोय की ती माझ्या आधीपासून आत आहे."

पावसाची उघडीप पडली होती त्या सुमाराला कविताचा सातवा महिना सरला आणि ती बाळंतपणाला माहेरी येणार असं ठरलं. अक्का आपण होऊन आमच्या दारात आल्या. बाळाला झबली-टोपडी शिवायची होती. मी घड्या घालत होते, मान वर केली नाही. आईनं मऊ जुनं कापड काढलं, चहा टाकला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाळाला न्हाऊ कोण घालणार, अक्का?"

"आवं, मी. आनी कोन?"

"मग एकदा बसून दाखवता का? पाटावर, पाय लांब करून."

अक्का हसत बसल्या. आपल्याकडं बाळाला कसं न्हाऊ घालतात ते सगळ्यांना माहीत आहे. पाय लांब करायचे, पायांवर बाळ पालथं घालायचं, त्याचं तोंड पाण्यात जात नाही ना हे बघत वरून पाणी ओतायचं. आईनं अस्तराच्या कापडाची गुंडाळी केली आणि अक्कांच्या नडग्यांवर ठेवली. अक्कांनी खाली बघायला मान वाकवली. मान अर्ध्यावर आली आणि अडली. जट पाठीशी ताणली गेली. त्यांनी पुन्हा वाकून बघितलं. मग कमरेतून पुढं झुकल्या, तर गुंडाळी पायावरून घरंगळून जमिनीवर पडली.

अक्कांनी ती उचलून पुन्हा नडग्यांवर ठेवली. 

"वैनी," अक्का म्हणाल्या, "मला बाळ दिसंना."

त्या दिवशी अक्का पहिल्यांदा जटेविषयी बोलल्या. हात मुंग्या येऊन बधिर होतो. कुशीवर झोपता येत नाही. सोळा वर्षांत आभाळाकडं नीट बघितलं नाही. "पर कापली आन माझ्या पोरीला काय झालं म्हंजी? पोटुशी हाय ती. देवीचा राग कुनावर निघंल?"

"तुम्हीच सांगा. कुणावर निघतो?"

"ज्येच्या घरात जट, त्येच्या घरावर."

"मग कापल्यावर जट मी नेते," आई म्हणाली. "माझ्या घरात ठेवते. काय व्हायचं ते माझ्या घरात होईल."

अक्का तिच्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं बघितलं. "तुला बी लेकरू हाय, वैनी."

"आहे की. म्हणून तर."

यावरून आईबाबांचं चांगलंच वाजलं. बाबांचं म्हणणं तत्त्वाचं होतं. "तू कोप घरी नेते म्हणालीस, म्हणजे कोप असतो हे कबूल केलंस!" आई भाकरी थापत होती. "कोप नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे. पण भीती आहे ना? ती कुठंतरी ठेवायला नको का त्या बाईला? तिच्याच डोक्यावर ठेवून तिलाच म्हणायचं, भीती नाही?"  

दोन दिवसांनी, सकाळी, आमच्या पुढच्या खोलीत जट कापली. आईनं आदल्या दिवसापासून तेल लावून मुळं मऊ करायला सांगितलं होतं. तरी ब्लाउज कापायची मोठी कात्री घसरायला लागली, दोराला लावल्यासारखी. मग लहान कात्रीनं थोडं थोडं. पहिल्यांदा लोखंड केसाला लागलं तेव्हा अक्कांनी माझा हात असा धरला की बांगडी रुतली. "कविताचं नाव घे," मला म्हणाल्या. "माझ्या जिभंला येईना." मी, देवाचं नाव कधी न घेतलेली मुलगी, कविता, कविता म्हणत बसले. पिवळी धूळ पडत होती. कुबट वास होता. बाबा ओसरीवर पेपर उघडून पहाऱ्याला बसले होते, आणि फौजी त्यांच्या शेजारी. "पलटनीत इतकं वझं पाठीवर घेऊन आमी डोंगर चढायचो, सायेब," फौजी म्हणत होते. "पर संध्याकाळी खाली तरी ठिवायचो."

जट सुटून आईच्या हातात आली तेव्हा अक्का पुढं कलंडल्या. सोळा वर्षं मागं ओढणारं काहीतरी एकदम नाहीसं झालं होतं. त्या दोन्ही हातांनी डोकं धरून बसल्या आणि नुसत्या मान हलवत राहिल्या, इकडून तिकडं. आईनं जट एका पांढऱ्या पिशवीत घातली आणि पुढच्या खोलीतल्या खुंटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, अडकवली.

मग सुरू झाला पहारा. रोज सकाळी अक्का, आता डोक्याला रुमाल बांधलेल्या, आमच्या दारात. "समदी बरी हाय न्हवं?" आई म्हणायची, "बरी आहे." अक्का आधी मला वरपासून खालपर्यंत बघायच्या, मग खुंटीकडं, आणि जायच्या. गल्लीही बघत होती. दूधवाला दूध घालताना आत डोकवायचा. बाबा सायकलवरून घसरले तर त्यांनी गुडघा चोळायच्या आधी आजूबाजूला बघितलं. आमच्या घरानं आजारी पडायचं नाही, घसरून पडायचं नाही, दूध नासू द्यायचं नाही. आता हसू येतं. तेव्हा मला तो केवढा अभिमान वाटायचा! अख्ख्या गल्लीची भीती आमच्या एका खुंटीवर टांगलेली होती आणि आम्ही तिच्याखाली बसून म्हाद्या-भाकरी खात होतो.

नवव्या दिवशी सकाळी मी उठले तर गुडघे वळेनात. अंगात कणकण होती. मला पहिला विचार आला तो आजाराचा नाही, अक्कांचा. मी कुणाला काही सांगितलं नाही. दप्तर अडकवलं, आणि अक्कांच्या दारासमोरून ताठ चालत गेले. एकेक पाऊल टाकताना घोट्यात सुया घुसत होत्या. "मुक्ते, बरी हायस न्हवं?" "एकदम बरी, अक्का!" कोपऱ्यावर वळल्यावर मी विजेच्या खांबाला धरून उभी राहिले. असं मी दोन दिवस केलं. एवढी सरळ मी त्यानंतर कधी चालले नाही, बक्षीस घ्यायलासुद्धा.

तिसऱ्या दिवशी उठताच आलं नाही. बाबांनी रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, चिकुनगुन्या दिसतोय, रक्त तपासू, या भागातून बरेच आलेत. घरी येऊन मला कॉटवर झोपवलं, माझ्याखाली गठ्ठे. आणि तेव्हा मी बाबांच्या तोंडून एक वाक्य ऐकलं, जे मला कधी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

"चार दिवस कुणाला सांगू नये का? सगळं केलेलं पाण्यात जाईल. पुन्हा कुणी बाई तयार होणार नाही."

मला ते एकदम पटलं. "आई, दार लावून घे," मी म्हटलं.

आई पदर खोचून उभी होती. "ती बाई रोज दारात येऊन विचारते, बरी आहे का. तिला खोटं सांगायचं? मग जोगतिणीनं केलं ते काय वेगळं होतं?" आणि चपला घालून समोर गेली. मी खिडकीतून बघत होते. आई अक्कांच्या ओसरीवर उभी राहून सांगत होती, आणि अक्कांचा हात हळूहळू रुमालाकडं जात होता. मी भिंतीकडं तोंड केलं. आपण हरलो, एवढंच मला कळत होतं.

पाचच मिनिटांत अक्का आल्या, मागून फौजी. त्या माझ्याकडं आल्या नाहीत. थेट खुंटीखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"वैनी, ती पिशवी द्या माझी मला."

"अक्का—"

"द्या म्हंते न्हवं! माझ्या लेकरासाठी तुमच्या लेकराचा बळी? मी न्हाई असली. जट माझ्या घरात नेते. काय व्हायचं त्ये आमचं हुईल."

कविता एव्हाना माहेरी आली होती, समोरच्या घरात होती, आठव्या महिन्याची. हे मी आज लिहितानाही थांबते. त्या बाईचा देवीच्या रागावर शंभर टक्के विश्वास होता. तो राग पोटुशा लेकीच्या छपराखाली परत न्यायला ती आली होती, आमच्यासाठी. आम्ही, ज्यांना राग नाहीच हे माहीत होतं, आम्ही तो घरी आणून काय मोठं केलं होतं? धैर्य असेल तर ते तिचं होतं. गल्लीत समाज राहतो का, असं तिनं मला विचारलं होतं. राहत होता. समोरच्या घरात.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "जट तुमची आहे, अक्का. मी नाही म्हणणार नाही. पण आधी पोरीच्या कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवा. मी चहा टाकते."

अक्कांनी तांब्या घेतला आणि मागच्या दारी गेल्या. आमचं पाण्याचं पिंप तिथं होतं. पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून भरून ठेवलेलं, वर अर्धवट सरकलेला पत्रा. मला तांब्याचा आवाज ऐकू येईल असं वाटत होतं. तो आलाच नाही. 

"आवं," अक्कांचा आवाज आला. "हिकडं या बगू. ह्ये काय वळवळतंय?"

फौजी गेले. बाबाही गेले. मग फौजींचा कवायतीचा आवाज: "डासाचं किडं हायती ह्ये! पलटनीत असलं पानी घावलं तर आख्ख्या बराकीला शिक्षा व्हायची. सायेब, किती दिस झालं पिंप घासून?"

 कारखान्याचा प्रत्येक नमुना भिंगाखाली घालणाऱ्या, शेकडो पत्रकं लिहिणाऱ्या माझ्या बाबांनी मागच्या दारचं पिंप बघितलं नव्हतं. आईनं नव्हतं बघितलं, मी नव्हतं. आम्ही सगळे खुंटीची राखण करत होतो. अक्कांनी बघितलं, कारण सोळा वर्षांनी त्यांची मान पिपात वाकत होती.

त्या आत आल्या. माझ्या उशाशी बसल्या, पण पट्टी हातातच राहिली. त्या विचार करत होत्या. मी असा विचार करणारा चेहरा तोवर पत्रक वाचणाऱ्या एकाही माणसाचा पाहिला नव्हता.

"तांबोळ्याची शबाना बी चार दिस झालं झोपलीय," त्या फौजींना म्हणाल्या. "सांधं धरल्यात म्हंत्यात."

"व्हय. आन पुजाऱ्याचा नातू बी."

"पुजाऱ्याच्या घरात कुठं जट हाय?" अक्का म्हणाल्या. "आन शबानाला आपली देवी वळखंल तरी कशी?"

 आई चहाचे कप घेऊन दारात उभी. अक्कांनी एकदा खुंटीकडं बघितलं, एकदा मागच्या दाराकडं. मग बाबांकडं वळून, अगदी सावकाश म्हणाल्या, "भावजी, लोकांच्या डोस्क्यात काय हाय त्ये बगत गावभर फिरतासा. आपल्या पिपात काय हाय त्ये कवा बगनार?"

बाबा आधी लाल झाले. मग हसायला लागले. ते हसत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी तापात होते तरी हसले, आणि बरगड्या दुखल्या.

अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला. "उठा, फौजी." दोघं गल्लीत उतरले. मी कॉटवर पडून ऐकत होते. आधी आमचं पिंप उपडं झालं, मग शेजारचं, मग त्यापुढचं. प्रत्येक दारात तीच बोलाचाली. "तुमचं काय जातंय अक्का, पिंप आमचं हाय!" असं पुजारीणबाई म्हणाल्या तो आवाज मला स्पष्ट आठवतो. आणि अक्कांचा: "पिंप तुमचं, डास समद्यांचं! वता म्हंते न्हवं!" आणि भदाभद पाणी. बाबा माझ्या उशाशी बसले होते. ते उठले, खिशातलं तांबडं पेन शोधलं, आणि कॉटखालून एक पत्रक ओढून सातव्या प्रश्नाखालचं सगळं उत्तर एका रेघेनं खोडलं.

पिशवी खुंटीवरच राहिली. त्या दिवशी अक्का ती न घेताच गेल्या, आणि पुन्हा कधी मागितली नाही. देवीवरचा त्यांचा विश्वास गेला का? नाही. त्या अजून देवीला जातात, नैवेद्य नेतात. फक्त देवी लेकरांवर राग काढते, यावर त्यांचा विश्वास उरला नाही. मला एवढं पुरतं. मला कुणाचा देव काढून घ्यायचा नव्हताच, हे मला त्या तापात कळलं. मला तो खांदा सव्वा इंच वर आलेला हवा होता.

कविताला मुलगी झाली. बाराव्या दिवशी मी बघायला गेले, अजून थोडी लंगडत. न्हाणीत वाफ होती. अक्का पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या, नडग्यांवर ती लालबुंद मुलगी पालथी, आणि डोक्यावर बोटभर वाढलेले करडे केस. मान पूर्ण खाली. मी दारात खिळून उभी राहिले. त्यांनी वर न बघताच ओळखलं. "बगतीस काय, मुक्ते? पानी वत."

पुढच्या आवृत्तीच्या आधी बाबा समोर गेले आणि त्यांनी हे सगळं पत्रकात सातव्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहायची परवानगी मागितली. नाव बदलीन म्हणाले. अक्का नातीला मांडीवर थोपटत होत्या. "लिवा की," त्या म्हणाल्या. "माझं नाव बी ऱ्हाऊ द्या. पर पिंप तुमचं व्हतं, त्ये बी लिवा."

बाबांनी लिहिलं. त्या पत्रकांच्या सगळ्या घड्या मी एकटीनं घातल्या.